गप्प ब्रेक

पंच्याण्णवच्या दसऱ्याला कळसचे सर्जेराव माझी जुनी जीप घ्यायला वालचंदनगरला आले, सोबत सून आणि नाती. ब्रेक दाबला की गाडी करकरून ओरडायची, म्हणून आदल्या दिवशी मी ब्रेकच्या लायनिंगला ग्रीस फासलं होतं. “चालवून बघा,” म्हणायचं म्हणून म्हणालो. “तुमच्यासारख्या फिटरची गाडी! बघायचं काय त्यात?” त्यांनी सुनेला, नातींना मागं बसवलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडायला ते वाकले. हँडब्रेक ओढलेला होता, तरी उतारावर जीप सरकली. लिंबू फुटलं. मी धावत चाकाला दगड लावला. “मामा, गाडीलाच घाई झालीया!” सून हसली. सर्जेरावांनी किल्लीसाठी हात पुढं केला. माझी मूठ उघडेना. “काय झालं?” “ब्रेक ओरडत न्हाईत.” “मग चांगलंच हाय की!” मी मान खाली घातली. “कालपतोर ओरडत होते, पर धरत होते; आता सटकत्यात. मीच ग्रीस फासलंय.”