दुखवट्यातलं गाणं

सोलेदादला एकच गाणं निभवायचं होतं. साधलं तर सिनेमाची नायिका, नाहीतर पुन्हा जत्रेतले तंबू. तिच्या स्पॅनिश गावात देवमातेची मिरवणूक ती उभी होती त्या खिडकीखाली थांबली. वरचं गाणं संपेपर्यंत मूर्ती हलवायची नाही, असा रिवाज. दिग्दर्शकानं कॅमेरा तिच्यावर रोखला.

तिसऱ्याच ओळीला तिचा घसा बसला. तेवढ्यात खालून, काळ्या शालीतल्या आईनं ती ओळ उचलली आणि गाणं शेवटाला नेलं. वर सोलेदाद नुसते ओठ हलवत राहिली; कॅमेऱ्याला काय, ओठच दिसतात.

"नवऱ्याचा दुखवटा चालू, आणि गातेस?" शेजारीण फणकारली.

"अडली होती ती त्याचीच लेक ना गं!" आई म्हणाली.

सोलेदाद नायिका झाली. तो आवाजही तिच्याच नावावर गाजला. किंमत आईनं मोजली: वर्षभर गावात कुणी तिला 'ये, बस' म्हटलं नाही.