पुढची जागा

कापड सरकलं, टाळ्या पडल्या आणि लिंडानी झुंगूला चित्रात स्वतःचं प्रेत दिसलं.

एकच नव्हे. मक्याच्या पोत्यांच्या तटावर लाल कोटातले इंग्रज शिपाई छाती काढून उभे होते आणि तटाखाली झुलूंच्या मढ्यांचा खच पडला होता. सगळ्यात पुढचं मढं त्याचं. त्याच्यावर आडवं पडलेलंही त्याचंच, फक्त मान वळवलेली. एका अधिकाऱ्याने ज्याच्या पाठीवर बूट रोवला होता, तोही लिंडानीच.

चित्राशेजारी कातडी नेसून, हातात ढाल घेऊन त्याला उभं केलं होतं. लॉजवर पाहुण्यांना रणभूमी दाखवायचं काम त्याचं. नदीकाठची ती जुनी लढाई तो रोज सांगायचा, म्हणून चित्रकार व्हिटकम साहेबाने चित्रासाठी समोर उभं करायला त्यालाच निवडलं होतं. भर उन्हात ढाल उंचावून, घसा फुटेस्तोवर गर्जना करत लिंडानी धावला होता. शेवटी साहेब मायेने म्हणाला होता, "दमलास रे. सावलीत पड जरा." तो पडला आणि त्याला झोप लागली. साहेबाने कामाचे फोटो काढले ते तेव्हा!

"साहेब, मी तर धावत होतो," लिंडानी हळू आवाजात म्हणाला.

"धावणारे मागे आहेत ना शेकड्याने," व्हिटकम साहेब हसला. "त्यांचे चेहरे कोण बघतंय? तुला बघ कशी पुढची जागा दिली! साडेआठशे प्रती निघाल्यात. साडेआठशे घरांत लागशील तू."

लिंडानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याने ढाल सरळ धरली. या लॉजच्या पगारावर घर चालत होतं. शिवाय त्याने गावभर सांगून ठेवलं होतं, की मी हल्ल्याच्या आघाडीवर असणार. म्हणून तर त्याची आई मामबाथा आली होती. सणाची लाल टोपी घालून, साहेबाला द्यायला बगलेत जिवंत कोंबडी घेऊन ती चित्रापुढे उभी होती.

"हा कोण?" तिने बोट दाखवलं.

"मी."

"आणि हा?"

"मीच, आई."

चित्राखाली छोटा नकाशा छापला होता. प्रत्येक लाल कोटावर आकडा आणि आकड्यापुढे नाव, हुद्दा, गाव. एका आकड्यापुढे घोड्याचं नाव होतं. झुलूंवर आकडाच नव्हता. लिंडानीने तिला ते वाचून दाखवलं. घोड्यालाही नाव होतं, हे सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारी तडक बाहेर गेली. रागावून निघाली असेल, असं पाहुण्यांना वाटलं. लॉजची मालकीण म्हणाली, "लिंडानी, तोंड असं पाडू नकोस. फोटो काढायचेत. जरा हस."

मामबाथा परत आली तेव्हा तिच्या हातात रानबोरीची काटेरी फांदी होती.

पाहुण्यांना त्यात काहीच दिसलं नाही. पण पेले फिरवणाऱ्या झुलू पोरींनी तबकं खाली ठेवली आणि माना खाली घातल्या. परमुलखात मेलेल्या माणसाचा आत्मा घरी आणायचा तो याच फांदीवर. लिंडानीचा बाप खाणीत मेला, तेव्हा आईने त्याला जोहान्सबर्गहून असंच आणलं होतं. फांदी हातात असली की वाटेत कुणाशी बोलायचं नाही. बोलायचं ते फक्त मेलेल्याशी. टॅक्सीतही शेजारची जागा त्याच्यासाठी राखायची.

आईने फांदी पहिल्या चेहऱ्याला लावली. काचेवर काटे करकरले.

"लिंडानी, झुंगूंच्या पोरा, ऊठ. इथं तुझं कुणी नाही. चल घरी."

मग दुसऱ्या चेहऱ्याला. मग बुटाखालच्याला.

"काच! अहो, काच सांभाळा!" व्हिटकम साहेब ओरडला. "काय लावलंय हे? मुलगा जिवंत आहे की तुमचा, हा काय उभा आहे!"

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. प्रत्येक लिंडानीला उठवून ती वळली. कोंबडी बगलेतच होती.

"लिंडानी," मालकीण म्हणाली, "तू आत्ता गेलास, तर उद्या येऊ नकोस."

लिंडानीने हातातली ढाल चित्राखाली, भिंतीला टेकवून ठेवली. जन्मभर त्याने पाहुण्यांना सांगितलं होतं की दोन्ही बाजू शूर होत्या. आज पहिल्यांदा त्याला स्वतःच्या त्या वाक्याची शिसारी आली. तो आईच्या मागोमाग निघाला. त्याच्यासाठी लोक बाजूला झाले नाहीत, फांदीसाठी झाले.

फाटकाबाहेर मिनीबस-टॅक्सी उभी होती. आई पुढे, ड्रायव्हरजवळ चढली. लिंडानी सवयीने मागे जाऊ लागला, तेव्हा तिने शेजारच्या रिकाम्या जागेवर फांदी आपटली. तो तिथं बसला.

म्हाताऱ्या ड्रायव्हरने फांदी पाहून गाणं बंद केलं, डोक्यावरची टोपी काढली आणि झुंगू कुळाच्या मानाच्या नावाने हाक मारून अदबीने विचारलं, "वाईट झालं, मान्झिनी. कोण गेलं?"

आई बोलणार नव्हती. फांदी हातात होती.

"मीच, बाबा," लिंडानी म्हणाला. "पण आई न्यायला आली."