हँडल हळू फिरव

"मी छपरावरनं पडतो तिथं हँडल थांबव," जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत गेनूनं ऑपरेटरला विनवलं. आजच्या मूकपटात लोकांना हसवणारा सोंगाड्या तोच होता.

"थांबवलं तर दिव्याच्या आचेनं फिलम पेटंल, गेनबा."

"मग हळू तरी फिरव."

पंधरा वर्षं त्यानं तमाशाचा फड गाजवला होता. जोडीला दौलत. एकानं शब्द टाकायचा, दुसऱ्यानं वरच्यावर झेलायचा. सिनेमातही दोघं बरोबरच गेले. पण तिथं शब्दाला किंमत नव्हती, नुसतं पडायचं आणि मार खायचा. या सिनेमात गेनू छपरावरून खरोखरच डोक्यावर आपटला. दौलत धावत आला आणि त्याचे खांदे धरून ओरडत राहिला. गेनूच्या कानात दडे बसले होते. त्याला काहीच ऐकू आलं नाही. कॅमेरा मात्र चालूच होता. पुढच्याच आठवड्यात प्लेगनं दौलतला नेलं. तो काय म्हणाला, ते विचारायचं राहूनच गेलं.

पडद्यावर गेनू आपटला. दौलत त्याला शिव्या घालतोय असं वाटून माणसं हसून हसून लोळली. मग हँडल मंदावलं, तसं हसूही विरलं.

"अरं, पळव की लेका!" कुणीतरी ओरडलं.

दौलतचे ओठ सावकाश हलले. 'लागलं का रं?' पुन्हा तेच. 'गेन्या, लागलं का रं?'

गेनूनं डोक्यावरच्या जुन्या खोकेच्या व्रणावर हात ठेवला.

"न्हाई, गड्या," तो म्हणाला.