कागदामागचा कागद

उषानं दाखला खिडकीच्या उजेडात धरला. तारखेतल्या महिन्याच्या जागी कागद पातळ झाला होता. कुणीतरी ब्लेडनं जुना शब्द खरवडून तिथं नवा टाइप केला होता.

विमान उडण्यालायक असल्याचा दाखला होता तो. मुदत ३१ ऑगस्ट १९८७. आज सोमवार, मार्चची दोन तारीख. आधी तिथं जानेवारी असेल, तर मुदत संपून महिना झाला होता.

"अहो, हे पाहा जरा."

अरविंद पलीकडच्या टेबलावरून उठला नाही. "काय झालं?"

"महिना खोडला हाये. मांगून टाइप केला हाये. मले समजते, रोजचं काम हाये माह्यं."

"मंग? तिकडच्या लोकाईचं काम तसंच असते. लाव टाचणी."

आखातातल्या एका कंपनीचं मालवाहू विमान पांढुर्ण्याची मृग बहाराची संत्री न्यायला नागपूरला उतरणार होतं. विमान परदेशी, म्हणून दिल्लीचा परवाना हवा. दाखले कंपनीनं पाठवायचे आणि अर्ज अरविंदनं करायचा, असं ठरलं होतं. त्याच्या बापजाद्यांनी संत्री रेल्वेनं कलकत्त्यापर्यंत पाठवली. याला ती विमानात बसवायची होती. गावभर सांगून झालं होतं, आता माघार म्हणजे नाक कापून घेणं.

अर्ज उषानंच शनिवारी सकाळी टाइप केला. पाच पानं, तीन प्रती. संत्र्यांसोबत जाणाऱ्याची ओळ तेवढी कोरी सोडली. अरविंदचा पासपोर्ट घरी होता, ती ओळ तो पेननं भरणार होता. मग तिनं टाइपरायटरच्या रोलरवर नवा जाड कागद चढवून ठेवला. टाइप करायच्या कागदामागे असा एक कागद असला की रोलर खराब होत नाही, असं तिला क्लासात शिकवलं होतं. खुणांनी भरला की ती तो बदलायची. अरविंद हसायचा, "अक्षराले गादी टाकून राहिली," म्हणायचा.

ते काम उरकून तिनं सौसरची बस धरली, माहेरी जायला. कंपनीचं दाखल्यांचं पाकीट त्यानंतर दुपारी आलं.

रविवारी संध्याकाळी अरविंद अचानक सौसरला हजर. उषाच्या आईच्या, अंबाबाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, विमानात माह्या जागी अनिलले पाठवतो. पोराले चान्स भेटला पाह्यजे."

अनिल उषाचा धाकटा भाऊ. पासपोर्ट काढून दोन वर्षं आखातातल्या नोकरीची वाट पाहत बसलेला. तो नाचायचाच बाकी राहिला. अंबाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. जावई असावा तर असा, असं शेजारच्या मालतीकाकू दोनदा म्हणाल्या. उषालाही भरून आलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण नवऱ्याचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

"ताई, तुह्यासाठी काय आणू?" अनिलनं विचारलं होतं.

"घड्याळ आण. अन् सुखरूप ये."

आता तिला ते बोलणं आठवलं. तिनं दाखला खाली ठेवला.

"माहा भाऊ बसणार हाये त्या विमानात. नका पाठवू हा अर्ज. कंपनीले दुसरा दाखला मागा."

"दहा दिवस राह्यले, उषा. फळ झाडावर थांबते का?"

"मंग अनिलले नका पाठवू."

अरविंदनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्यानं काल साऱ्या सौसरात पेढे वाटले. त्याले नाही म्हणायले तू जाशीन का?" मग आवाज उतरवून म्हणाला, "का मी जाऊ त्याच्या जागी? सांग. नाव खोडतो अन् माहं लिहितो."

त्यानं खरंच पेन उघडलं.

उषानं त्याच्याकडे पाहिलं. भाऊ की नवरा, असं कुणी बाईला विचारतं का? तिनं नुसती मान हलवली. नाही.

"पाह्य," तो म्हणाला. "उगाच भिऊन राहिली तू. काही होत नाही."

तिनं टाचणी लावली. अर्जातल्या त्या ओळीत अरविंदच्या वळणदार अक्षरात अनिलचं नाव होतं. ते वाचताना तिला स्वतःची लाज वाटली. त्यांच्याकडच्या गड्याला, नत्थूजीला, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोस्टातली रजिस्ट्री त्याच्यासारखी कुणाला जमत नसे. तो पाकीट घेऊन सायकलवर निघाला. वळणापर्यंत ती त्याला पाहत राहिली.

"मी कंपनीले पत्र लिहितो," ती एकदम म्हणाली. "महिना कोणं खोडला, ते विचारतो. जाब तं द्या म्हणा."

अरविंद खतावणीत मान घालून बसला.

तिनं टाइपरायटरवरचं झाकण काढलं. शनिवारी चढवलेला जाड कागद रोलरवर तसाच होता, फक्त जरा तिरका झाला होता. सरळ करावा म्हणून तिनं तो बाहेर ओढला. मधोमध तिच्या बोटांना काहीतरी खरबरीत लागलं.

ती उठली आणि खिडकीशी गेली. कागद तिरपा धरला, तशा खुणा उजेडात आल्या. त्या अख्ख्या कोऱ्या कागदावर एकच इंग्रजी शब्द उमटला होता. ऑगस्ट.