पेशींना न पोचलेला निरोप

केतकीच्या प्रयोगाच्या काचेच्या बशांमधल्या त्वचेच्या पेशी तीन महिने ढिम्म बसल्या होत्या. त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजनचा पत्ता नव्हता आणि शुक्रवारी प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना निकाल दाखवायचा होता.

मंगळवारी शालूआत्या डबा घेऊन प्रयोगशाळेत आली. भाचीचा पडलेला चेहरा बघून तिने विचारलं, "नेमकं अडलंय कुठे?"

"कोलॅजन बनवायला पेशीला बाहेरून निरोप लागतो, आत्या. एक प्रथिन येऊन तिला चिकटतं, मग आत केंद्रकापर्यंत संदेश जातो आणि काम सुरू होतं. ते प्रथिन मी घालतेय, पण आत काही पोचतच नाही."

"बघू तुझं प्रथिन."

केतकीने फ्रीजमधून बाटली काढून दिली. आत्याने चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, यावर तर 'निरोध' लिहिलंय!"

चार डोकी वळली. केतकीने बाटली हिसकावली. अक्षर तिचंच होतं. संदेश अडवणारं हे रसायन पुढच्या प्रयोगासाठी आणलेलं होतं. 'निरोप' लिहिलेली बाटली फ्रीजमध्ये मागे तशीच भरलेली होती.

त्याच दुपारी तिने खरी बाटली वापरली. शुक्रवारी बशांमध्ये भरपूर कोलॅजन दिसलं.

सर खूश झाले. "चूक सापडली कशी?"

"आत्याने निरोध पकडला, सर," केतकी आनंदाच्या भरात बोलून गेली.

सरांनी घाईने खोलीचं दार लोटून घेतलं.

"प्रबंधात मात्र," ते हळूच म्हणाले, "अवरोधक असं लिहा."