रुपालीचा पडदा

परदेशी पाहुण्यांच्या गाड्या येरवड्यातल्या एका वस्तीवरून जाणार होत्या, म्हणून आयोजकांनी रस्त्याच्या कडेला भलामोठा कापडी पडदा बांधला. त्यावर डोंगर, धबधबा असं काहीतरी छान रंगवायचं काम रुपालीला दिलं. ती त्याच वस्तीत वाढली होती, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आयोजकांपैकी आमोद पाहणीला आले आणि पडद्यासमोर थिजलेच. कापडभर पत्र्याची घरं होती, नळावर भांडणाऱ्या बायका होत्या, दारात भांडी घासणारी रुपालीची आई होती.

"अहो, हे काय काढून ठेवलंत? वस्ती झाकायला पडदा बांधलाय ना?"

"झाकलीय की," रुपाली ब्रश पुसत म्हणाली. "मागचं काही दिसतंय का, सांगा."

"तुम्हाला धबधबा सांगितला होता!"

"लहानपणी आमच्या दारातून हे दिसायचं. धबधबा कधी दिसला नाही."

"यापुढे तुम्हाला कुठलंही काम मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

"ठेवते."

आमोदनी घड्याळ पाहिलं आणि ते माणसांवर ओरडले, "पाहुणे हे बघणार का? उतरवा तो पडदा! आत्ताच्या आत्ता!"

दोर सुटले, कापड खाली आलं. तेवढ्यात पहिली गाडी वळणावर दिसली आणि ती बघायला सगळी वस्ती रस्त्यावर येऊन उभी राहिली. सगळ्यात पुढे, ओले हात पदराला पुसत, रुपालीची आई होती.