मागच्या आसनाची डावी बाजू

१९६६ साली बोईसरच्या आमच्या अंगणात मी जीपचा पुढचा भाग आणि भंगारात निघालेल्या मॉरिस गाडीचा मागचा भाग जोडून एक मोटार बांधली. माझी पत्नी जमना हिच्या कमरेतले बळ गेले होते. मुरबे गावी तिची आई अंथरुणाला खिळली होती, आणि बैलगाडीचे धक्के जमनाला सोसण्यासारखे नव्हते.

दोन गाड्यांचा तो जोड पाहून शेजारचे पंढरी म्हणाले, “दोघींची एकाच घरात गाठ घातलीत, साहेब. आता नांदल्या म्हंजे झालं!”

जोड उत्तम बसला. मात्र मागचे आसन रिकामे असतानाही डावीकडे कललेले असे. मी पाणसळ ठेवून खात्री केली. डाव्या चाकावरची स्प्रिंग उजवीकडे बसवली; पुढे दोन्ही नव्या घातल्या. कल डावीकडेच राहिला, एखादे माणूस बसल्याइतका. अशा आसनावरून जमना घसरून पडली असती.

मुरब्याहून दुसऱ्यांदा निरोप आला, तेव्हा ती म्हणाली, “आता थांबू नका. गाडी हाय तशीच काढा.”

मी तिला उचलून डाव्या दारापाशी आणले. तिने आत पाहिले आणि मायेने म्हटले, “सरक गो बाय जरा. मला पन आयकडे जायचा हाय.”

डावी बाजू सावकाश वर आली. उजवी तितकीच खाली गेली.

मी जमनाला बसवले. आसन समतल झाले.

तिच्या बाजूचे दार लावून मी पलीकडे गेलो, आणि उजवे दारही घट्ट लागले आहे ना, ते ओढून पाहिले.